प्रा. यशपाल : प्रश्नाला मान देणारा माणूस

२४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीतली अमावास्या. त्या सकाळी खग्रास सूर्यग्रहण होते आणि दूरदर्शनवर वैज्ञानिक प्रा. यशपाल ते देशाला समजावून सांगत होते. आजीने नेहमीप्रमाणे वेध पाळले होते, दुधाच्या पातेल्यात तुळशीपत्र टाकले होते. पण सूर्य झाकला जाताना शेवटचा प्रकाशबिंदू कड्यावर चमकतो ती ‘हिऱ्याची अंगठी’ पडद्यावर दिसली तेव्हा ती माजघरातून येऊन टीव्हीसमोर उभी राहिली आणि सूर्य पुन्हा उजळेपर्यंत जागची हलली नाही. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आणि तितकाच पट दूर असल्यामुळे दोघांची बिंबे आपल्याला सारखी दिसतात, हे मी नंतर तिला सांगितले, तेव्हा तिने ते दोनदा विचारून घेतले.

‘टर्निंग पॉइंट’ या दूरदर्शनवरच्या विज्ञान मालिकेमुळे पांढऱ्या केसांचे, लांब कल्ल्यांचे यशपाल आम्हाला घरच्यासारखे झाले होते. प्रेक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नांना ते उत्तरे देत. प्रश्न कितीही साधा असो, तो विचारणाऱ्याला कमीपणा वाटेल असा सूर त्यांनी कधी लावला नाही, आणि मला त्यांचे सर्वांत मोठे काम हेच वाटते.

त्यांचा जन्म १९२६ मध्ये, आज पाकिस्तानात असलेल्या झंग इथे झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी विश्वकिरणांवर, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या वेगवान कणांवर, संशोधन केले आणि १९७३ मध्ये ते अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे पहिले संचालक झाले. तिथे असतानाच, १९७५-७६ मध्ये, अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची मोठी छत्री उभारून गावकरी सामुदायिक संचासमोर बसत. स्वतः पडद्यावर घरोघर ओळखीचे होण्याच्या कितीतरी आधी या माणसाने, जिथे पडदाच नव्हता तिथे तो नेऊन ठेवण्याचे काम केले होते. म्हणून त्यांना केवळ निवेदक म्हणणे मला अपुरे वाटते.

शाळेच्या दप्तराविषयी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. पुस्तकांच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक असते, असे त्या समितीने १९९३ च्या अहवालात म्हटले. मी स्वतः पाठांतरावर वाढलो, त्यामुळे हे ओझे मला चांगलेच ठाऊक आहे.

पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेशीही त्यांचे नाते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना त्यांनी या संस्थेची कल्पना उचलून धरली आणि १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. २०१७ च्या जुलैत यशपाल गेले. आयुकात शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होतात. एकदा भाचीला घेऊन गेलो होतो, तर व्याख्यान संपल्यावर प्रश्न विचारण्यासाठी पोरांची रांग लागली होती आणि भाचीचा नंबर येईपर्यंत आम्ही थांबलो.