पुळणीत रुतलेले पाचशे घोडे

वद्य तृतीया होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावर शेंबडं पोरही करतं. तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे पाणी दुपारी सव्वादोनला पूर्ण चढणार, आणि ओहोटी सकाळी आठच्या सुमारास संपलेली. आमच्या गॅरेजवर फोन आला नऊ वाजता, दापोली तालुक्यातल्या कर्दे-मुरूडच्या पट्ट्यातून. गाडी पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, रुतली होती. उधाणाचा जोर अजून ओसरला नव्हता, त्यामुळे हाताशी जेमतेम दोन-अडीच तास.

गाडी एका युरोपीय कंपनीची. नाव लिहीत नाही. जमिनीला चिकटून धावणाऱ्या दोन दारांच्या गाड्यांवर जिने नाव कमावलं, तिने काढलेली ही उंच एसयूव्ही. वजन सव्वादोन टनांच्या आसपास, चारही चाकांना ड्राइव्ह, एअर सस्पेन्शन, म्हणजे हवेच्या स्प्रिंगांवर वर-खाली होणारी. ती अडकली होती पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी. पऱ्याचं गोडं पाणी वाळूखालून झिरपत असतं. वरून पुळण कठीण, चकचकीत दिसते, पण जड गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं की हादऱ्याने पाणी वर येतं आणि वाळूची खीर होते. ही वीस मिनिटं तशी उभी होती, फोटोंसाठी.

पुढची चूक बटणाची. गाडी ‘स्पोर्ट’ मोडमध्ये होती. या मोडमध्ये एअर सस्पेन्शन गाडीला खाली बसवतं. हायवेवर ते योग्यच, वाळूत मात्र पोट टेकायला तेवढं पुरतं. रुतल्यावर मालकांनी सस्पेन्शन वर-खाली करून पाहिलं, कॉम्प्रेसर तापला आणि स्वतःला वाचवायला बंद पडला. त्यात ॲक्सिलरेटर दाबणं चालूच. चाक जागच्या जागी फिरलं की दर खेपेला दोन-तीन इंच खाली जातं. आम्ही पोचलो तेव्हा चारही चाकं निम्म्याहून जास्त गाडली गेली होती.

“फोर व्हील ड्राइव्ह आहे हो, पाचशे हॉर्सपॉवर!” मालक पुन्हापुन्हा सांगत होते.

होड्या ओढणारा ट्रॅक्टरवाला शांतपणे म्हणाला, “घोडे पाचशे हायत, पन नाल कुठाय त्यांना?”

नेमकं हेच. टायर २९५/३५ आर २१. रुंदी २९५ मिमी आणि बाजूची भिंत त्याच्या ३५ टक्के, म्हणजे १०३ मिमी. शेवटचा आकडा रिमचा, इंचात. थारचा २५५/६५ आर १८ घ्या, भिंत १६६ मिमी भरते. वाळूत हवा सोडायची ती टायर जमिनीवर लांब पसरावा म्हणून. रुंदीत फारसा फरक पडत नाही, पाऊलखूण लांबते. उंच भिंतीचा टायर आम्ही १६ पीएसआयपर्यंत बिनधास्त उतरवतो. इथे ४० वरून २२ च्या खाली जायची हिंमत झाली नाही. एवढ्या आखूड भिंतीत रिमची कड आणि खालचा दगड यांच्यामध्ये रबर चिमटतं, आणि बीड, म्हणजे टायरची आतली कड, रिमवरून सुटला तर पुळणीवर तो परत बसवणार कसा? स्टेपनी नव्हतीच. डिकीच्या तळाशी फक्त सीलंटची बाटली आणि छोटा पंप.

गंमत अशी की हा धडा स्पोर्ट्सकारवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लॅम्बोर्गिनीने १९८६ मध्ये एलएम००२ आणली, काउंटाच या आपल्याच स्पोर्ट्सकारचं ५.२ लिटरचं व्ही१२ इंजिन घातलेली. तिच्यासाठी पिरेलीने मुद्दाम ‘स्कॉर्पियन’ टायर तयार केले, वाळूत चालणारे. माप ३४५/६० आर १७, म्हणजे भिंत २०७ मिमी. आमच्यासमोरच्या टायरच्या बरोबर दुप्पट. त्या गाड्या जेमतेम तीनशे खपल्या, ही गोष्ट वेगळी.

काम असं केलं. ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद, कारण वाळूत ते चाक घसरतंय म्हणून इंजिनाची ताकद कापतं आणि ब्रेक लावत बसतं. कॉम्प्रेसर थंड व्हायला पंधरा मिनिटं दिली, तोवर फावड्याने चाकांच्या मागची वाळू उतरती काढली आणि पोटाखालची हाताने ओढली. चाकांमागे आधी झावळ्या, त्यावर होडीखाली घालतात त्या फळ्या. ओढायचं मागे, गाडी आली त्याच चाकोरीतून. ती वाळू आधीच दाबलेली असते. टो-हुक टूलकिटमध्ये सापडला, पण बसेना. मालकांचा मुलगा तो घड्याळाच्या दिशेने फिरवत होता, आणि त्याला आटे उलटे. असा हुक रस्त्यावर सरळ ओढण्यापुरता असतो. रुतलेली गाडी तिरकी ओढली तर वाकतो, नाहीतर मुळातून उपटतो. म्हणून ट्रॅक्टर गाडीच्या अगदी रेषेत लावला, होडीचा जाड नायलॉन रस्सा घेतला आणि मधोमध ओलं पोतं टाकलं, तुटलाच तर फटका हवेत जाऊ नये म्हणून. साखळी मुद्दाम टाळली. झटका नाही, पहिल्या गिअरात संथ ताण. गाडीत रिव्हर्स, पाय नुसता टेकवलेला. तिसऱ्या खेपेला निघाली. तोपर्यंत दोन-तीन लाटा मागच्या चाकांच्या हबपर्यंत येऊन गेल्या होत्या.

लोकांना वाटतं, गाडी निघाली की संपलं. खारं पाणी लागलेल्या गाडीचं खरं काम तिथून पुढे. तासाभराच्या आत गोड्या पाण्याने खालून धुतली, मग गॅरेजला नेऊन आणखी दोनदा. पोटाखालची प्लास्टिकची पत्रं खोलली तर दोन घमेली वाळू निघाली. चाक फिरवून फिरवून तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. डिफरन्शियलच्या ब्रीदरमधूनही, म्हणजे हवा ये-जा करायच्या छिद्रातूनही, तेच होतं. मागच्या डिफरन्शियलचं तेल काढून पाहिलं, दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलं नव्हतं, तरी बदललं. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या मोटरी सोडवून धुतल्या. एअर स्प्रिंगच्या रबरी घड्यांमध्ये वाळू राहिली तर ती रोज घासत राहते आणि सहा महिन्यांनी गळती लागते, म्हणून गाडी पूर्ण वर उचलून घड्या उघडल्यावर धुतल्या. जॅक लावताना आधी ‘जॅक मोड’, नाहीतर सस्पेन्शन आपलं आपण उंची बदलायला जातं. बंपरच्या खालच्या कोपऱ्यांत इंजिनात जाणारी हवा थंड करणारे इंटरकूलर असतात, अगदी स्पोर्ट्सकारसारखे. वाळू आणि शेवाळ तिथे ठासून भरलं होतं. ते मागून, कमी दाबाच्या पाण्याने. प्रेशर वॉशर मारला तर पापुद्रे वाकतात आणि मग गाडी घाटात तापते.

(वायपरखालच्या पन्हाळीत सुरूचे काटे सापडले, मूठभर. सुरूच्या बनात गाडी लावणाऱ्या प्रत्येकाने ही पन्हाळी पावसाआधी साफ करावी. निचरा तुंबला की पाणी केबिनमध्ये उतरतं, आणि या वर्गातल्या काही गाड्यांत बॅटरी सीटखाली असते.)

चाकं खोलल्यावर मालक बाजूला स्टुलावर बसून होते. त्यांनी विचारलं, “स्पोर्ट्सकारवाल्यांनी या धंद्यात पडायलाच नको होतं, नाही का?”

आमचं मत तसं नाही. पोर्शने २००२ मध्ये कायेन ही एसयूव्ही आणली तेव्हा हीच ओरड झाली होती. नंतर कायेन आणि तिची धाकटी बहीण मकान मिळून कंपनीच्या निम्म्याहून जास्त गाड्या होऊ लागल्या. ९११ या स्पोर्ट्सकारचा खर्च त्यातूनच निघतो. लॅम्बोर्गिनीचंही उरूस या एसयूव्हीने तसंच केलं. फेरारीसुद्धा २०२२ मध्ये पुरोसांग्वे घेऊन आलीच, फक्त एसयूव्ही हा शब्द टाळत, आणि एकूण गाड्यांत तिचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास ठेवू म्हणत. तेव्हा काढाव्यात की नाही, हा वाद संपलेला आहे. पहिल्या कायेनला लो-रेंज गिअर, म्हणजे कठीण जागी संथ पण जोरात ओढणारा, होता. २०१० च्या दुसऱ्या पिढीत तो काढून टाकला, कारण वापरणारे फारच थोडे. धंद्याच्या दृष्टीने बरोबर. पण उंच शरीर तसंच राहिलं, आणि तेच गिऱ्हाइकाला पुळणीवर घेऊन येतं.

गोम ब्रेकमध्ये आहे, ती उघड्या चाकाजवळ बसल्याशिवाय कळत नाही. नाव स्पोर्ट्सकारचं, म्हणून वेग तसाच हवा. उरूस ताशी ३०५ किमीच्या वेगाने जाते. दोन टनांहून जड वस्तू त्या वेगातून थांबवायची तर तिची पुढची डिस्क ४४० मिमीची. थारची १८ इंची रिम म्हणजे ४५७ मिमी. त्या रिमात डिस्क मावली तरी तिला पकडणारा कॅलिपर कुठे बसणार? म्हणून रिम २१ पासून पुढे, आणि बाहेरचा व्यास वाढवता येत नाही म्हणून रबर पातळ. गुहागर ते दापोली, जांभ्याच्या गडग्यांमधून साठीच्या वर कोण जातो? तरी ३०० च्या वेगाचा हिशेब इथल्या टायरच्या भिंतीतून वसूल होतो. आणि जांभ्याच्या कडेने भिंत चिरली तर सीलंट काही करू शकत नाही. ते फक्त तळव्यातल्या छिद्रापुरतं. अशा मापाचा टायर मुंबई-पुण्याहून मागवायचा, तोवर गाडी उभी.

मालकांना इथे वापरायला लहान रिमचा दुसरा सेट हवा होता. आमच्या मते तो कंपनीनेच, खऱ्या स्टेपनीसकट, यादीत द्यायला हवा. डिस्क मोजली: ४१० मिमी. १९ इंची रिम लावून पाहिली, कॅलिपरला अडली. २० इंची बसली, पण फट तीन मिमी. बॅलन्सिंगची वजनं आतून त्या जागी चिकटवली तर घासतील, ती मागच्या कडेला सरकवावी लागणार. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहील असं माप २६५/४५ आर २०. भिंत ११९ मिमी.

एवढ्या खटाटोपातून मिळाले १६ मिमी. मालकांनी ऑर्डर दिली.