बारा चपला म्हणजे किती जोड?

कोल्हापुरातल्या चप्पल लाईनीतलं, म्हणजे चपलांच्या बाजारातलं, आमचं दुकान सासऱ्यांच्या वेळचं. गिऱ्हाईक समोर असलं की इंग्रजीवाचून काही अडत नव्हतं. पायताण हातात द्यायचं, पायात घालून बघा म्हणायचं. 2019 साली कोल्हापुरी चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर दोनेक वर्षांनी आम्हाला परदेशातली पहिली ऑर्डर आली आणि मालाची यादी मी इंग्रजीत लिहिली. त्यात टाकलं, ‘12 चप्पल्स’. माझ्या मनात बारा जोड होते. तपासणीत पार्सल उघडलं तर आत चोवीस नग! यादीशी मेळ लागेना म्हणून आठ दिवस माल अडकला.

शेजारच्या बाई हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. दुकान बंद करून मी त्यांच्याकडं जायला लागले. त्यांनी पुस्तक काढलंच नाही, माझीच यादी पुढ्यात घेतली. म्हणाल्या, “अगं, आपण जोड मोजतो, मग अनेकवचन जोडाचं कर. ट्वेल्व्ह पेअर्स ऑफ चप्पल्स.” पुढं मी ‘लेदर्स’ लिहिलं होतं. आपल्याकडं चामडी मोजतात. इंग्रजीत लेदर हे गुळासारखं, ते मोजायचं नाही. तुकडे मोजायचे, पीसेस ऑफ लेदर. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन ही त्यातलीच. शब्दाला एस लावण्याआधी ही वस्तू इंग्रजीत मोजतात का, हे बघायची सवय मला तिथं लागली.

खरी गंमत उच्चाराची. बाईंनी गळ्यावर बोट ठेवायला लावलं. ‘स्ट्रॅप’ म्हटलं की शेवटी गळा गप्प, म्हणून स्ट्रॅप्स. ‘बकल’ म्हटलं की शेवटच्या ल ला बोटाखाली थरथर लागते, म्हणून बकल्झ. लिहिताना दोन्हीकडं एसच. आणि ‘बॉक्स’, ‘ब्रश’ यांच्या शेवटी आधीच सकार-शकार आहे, त्याला नुसता स चिकटवून बघा, जीभ अडखळते. म्हणून मध्ये एक स्वर येतो, बॉक्सेस, ब्रशेस, आणि लिहिताना ईएस. शाळेत मी ईएसची यादी पाठ केली होती. ती अशी का, हे पन्नाशीला आल्यावर कळलं आणि फार बरं वाटलं.

नाईफचं नाईव्ह्झ होतं पण रूफचं रूफ्सच, हे मात्र पाठ करायचं. मापाच्या तक्त्यात ‘फुट’चं ‘फीट’ आलं तेव्हा मी विचारलं, आतला स्वर कसा बदलला? बाईंनी सांगितलं, जुन्या इंग्रजीच्याही आधी त्या शब्दाला अनेकवचनात इ-कारी शेपूट होतं, त्यानं आतला स्वर आपल्याकडं ओढला. शेपूट गळालं, बदललेला स्वर राहिला. “आपली चप्पल बघ की,” बाई म्हणाल्या, “चपला म्हणताना एक प जातोच ना? आणि आपल्यात एक बैल, दोन बैल. त्यांच्यात ऑक्सचं ऑक्सन. आपल्या मेंढीच्या मेंढ्या, त्यांचं शीप ते शीपच.”

पुढच्या ऑर्डरीची यादी मी एकटीनं लिहिली. बारा पेअर्स, दोन बॉक्सेस. खाली एक ओळ वाढवली, एकूण नग 24.