जीपची टाकी आणि पेट्रोलचा काटा

12 ऑक्टोबर, गगनबावडा

पाऊस उघडून आठवडा झाला आणि आज जीपची टाकी खाली उतरवली. 1967 सालची ही महिंद्रा सीजे-3बी वडिलांच्या पश्चात अकरा पावसाळे शेडमध्ये उभी होती. गगनबावड्याचा पावसाळा ज्याने काढला आहे, त्याला शेडमधल्या पत्र्याचे काय होते हे वेगळे सांगावे लागत नाही. विलिस या अमेरिकन कंपनीच्या परवान्यावर आपल्याकडे तयार झालेल्या या जीपचे स्टिअरिंग अमेरिकन पद्धतीने डावीकडे आहे, मागच्या बाजूस ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी अक्षरे अजून वाचता येतात, आणि टाकी चालकाच्या सीटखाली आहे. म्हणजे चालक सुमारे 40 लिटर पेट्रोलवर बसूनच गाडी हाकतो.

बोल्टांना काल रात्रीच तेल सोडून ठेवले होते, तरी दोन हटेनात. ठिणगी उडण्याची धास्ती असल्याने ग्राइंडर न लावता ते हातकरवतीने सावकाश कापले. टाकी हलवली तेव्हा आत वाळू भरल्यासारखा आवाज झाला. झाकण उघडल्यावर आलेला वास पेट्रोलचा नव्हताच, तो शिळ्या वार्निशचा होता. तळाशी साचलेला दीड-दोन लिटर तपकिरी द्रव काचेच्या बरणीत ओतून ठेवला. दुपारपर्यंत त्याचे दोन थर झाले, वर काळपट पेट्रोल आणि खाली गढूळ पाणी. टाकी अर्धवट भरलेली राहिली की रात्रीच्या गारव्याने मोकळ्या जागेतील बाष्प पत्र्यावर दवासारखे जमते, ओघळते, आणि पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळ गाठून बसते. वर पेट्रोल असतानाही खालचा पत्रा गंजतो तो यामुळेच. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने तर अधिक जपावे लागेल, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि ते प्रमाणाबाहेर गेले की पाण्यासह वेगळे होऊन तळाला जाते.

सीटच्या मागे वडिलांची बांबूची पट्टी सापडली. तिच्यावर चाकूने पाडलेल्या चार खाचा आहेत. पेट्रोलचा काटा मला आठवते तेव्हापासून शून्यावरच पडलेला असे आणि वडील टाकीत ही पट्टी बुडवून अंदाज घेत. ती पट्टी का आली, हेही मला आठवते. मी तिसरीत असताना वैभववाडीहून परत येताना करूळ घाटात रात्री जीप बंद पडली होती. आई, धाकटी बहीण आणि मी मागे गोधडी पांघरून बसलो होतो आणि वडील हातात डबा घेऊन अंधारात घाट चढून गेले होते. काटा रोजच शून्य दाखवी, म्हणून त्या रात्रीही त्याच्याकडे कोणी पाहिले नाही; आणि त्या रात्री तो खरे सांगत होता.

15 ऑक्टोबर

तीन दिवस टाकीच्या सफाईत गेले. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची, हे मी आयटीआयमध्ये शिकवत असताना मुलांना दर वर्षी सांगत असे, आणि आज स्वतःच्या अंगणातही तो नियम मोडला नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टाकीत दडून राहते आणि थंडीतही पेट घेऊ शकते. म्हणून आधी साबणाच्या गरम पाण्याने टाकी चार वेळा धुतली, वास पूर्ण जाईपर्यंत पुढचे काहीच केले नाही. मग मीटरभर साखळी आत सोडून पुतण्याने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून टाकी सुपासारखी पाखडली. निघालेला गंजाचा चुरा तराजूत घातला, तो पाऊण किलोच्या आसपास भरला.

उरलेल्या गंजासाठी आम्ल वापरावे असे अनेकांचे मत पडले. मला ते पटले नाही, कारण आम्ल गंजाबरोबर चांगला पत्राही खाते आणि या पत्र्यात आता देण्यासारखे फार उरलेले नाही. मी विजेची रीत निवडली. टाकीत काठोकाठ पाणी भरून त्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवला, सेंडरच्या, म्हणजे टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाच्या, भोकातून साध्या लोखंडाची सळई लाकडी ठोकळ्याच्या आधाराने अशी टांगली की ती पत्र्याला कोठेही टेकणार नाही, आणि बॅटरी चार्जरचे धन टोक सळईला, ऋण टोक टाकीला जोडले. हे टोक उलटे लागले तर सळईऐवजी टाकीच झिजेल, म्हणून बटण दाबण्यापूर्वी दोनदा तपासले. स्टेनलेसची सळई या कामी कधीही घेऊ नये, कारण तिच्यातील क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. या क्रियेत टाकीच्या पत्र्यावर हायड्रोजन सुटतो, त्यामुळे सारे उघड्या अंगणात ठेवले आणि चार्जर बंद केल्याखेरीज एकही वायर सोडवली नाही.

अर्ध्या तासात पाण्यावर तपकिरी फेस आला. प्रवाह सळईच्या समोरच्या भागावर जास्त काम करतो, आडोशाचे कोपरे मागे राहतात. म्हणून दर चार तासांनी सळईची जागा बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीच्या उजेडात आत पाहिले तेव्हा लाल गंजाच्या जागी बोटाने पुसला जाणारा काळा लेप होता आणि त्याखाली राखाडी, स्वच्छ पत्रा. मी बराच वेळ त्या भोकाला डोळा लावून होतो.

टाकी रिकामी करून धुतल्यावर मात्र घाई करावी लागते, कारण उघडा पडलेला ओला पत्रा पाहता पाहता पुन्हा पिवळा पडतो. लगेच स्पिरिटने खंगाळली, ब्लोअरच्या हवेने सुकवली आणि आतून पातळ तेलाचा हात फिरवला.

18 ऑक्टोबर, कोल्हापूर

तळाला सुईच्या अग्राएवढी तीन भोके उजेडात दिसली होती. उद्यमनगरात जुन्या रेडिएटरचे काम करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे टाकी नेली. त्यांनी ती उन्हात धरली, बोटाने ठिकठिकाणी ठोकून पाहिली आणि म्हणाले, “मास्तर, पत्रा अजून जित्ता हाय. ह्याला डाग बसंल.” टाकीचा वास घेऊनही त्यांचे समाधान झाले नाही, भोकांपुरती जागा सोडून ती पुन्हा पाण्याने भरली आणि मगच तापलेला खड्या, म्हणजे कथलाचा डाग देण्याचे अवजार, हातात घेतला. अशा जुन्या टाक्यांच्या पत्र्याला शिसे-कथलाचा मुलामा असे, म्हणजे एका अर्थी त्यांना कल्हईच केलेली असे. तो मुलामा जेथे झिजला तेथेच भोके पडली होती. आतून इपॉक्सीचा थर देण्याचा सल्ला मी घेतला नाही. पत्रा सशक्त असताना तो थर कशाला द्यावा, आणि पुढे तो सुटला तर त्याचे पापुद्रे थेट कार्ब्युरेटरपर्यंत जातील.

सेंडरचा पितळी फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, कानाशी हलवला, तर आत पेट्रोल डुचमळत होते. त्या कारागीर मामांनी तो गरम पाण्यात बुडवला, आणि शिवणीपाशी एकामागून एक बारीक बुडबुडे निघू लागले. तेथेच चीर होती. आतले पेट्रोल काढून, वाफ घालवून त्यांनी कथलाचा एक थेंब त्यावर ठेवला. पैसे विचारले तर, “टाकीचं द्या, ह्याचं काय घ्यायचं,” म्हणाले.

21 ऑक्टोबर

आज काट्याचा उलगडा झाला. टाकी अजून बाहेरच होती. चावी फिरवून सेंडरकडे जाणारी वायर क्षणभर बॉडीला टेकवली, तर डॅशबोर्डवरचा काटा शून्यावरून हलला आणि सावकाश वर चढू लागला. या मीटरमध्ये तारेच्या उष्णतेने दोन धातूंची जोडपट्टी वाकते, त्यामुळे काटा झटका न घेता संथ चढतो. वायर काढली तसा तो पुन्हा खाली आला. मीटर धडधाकट होते, आणि मला वाटते ते इतकी वर्षे तसेच होते.

मग दोष कोठे होता? टाकी ज्या पट्ट्यांवर बसते त्या खरवडल्या, तेव्हा रंगाचे तीन थर निघाले. मी लहान असताना कोणत्या तरी गॅरेजात जीपला नवा रंग दिला गेला, त्या वेळी टाकी, पट्टी, बोल्ट सारे एकाच फवाऱ्याखाली गेले असणार. रंगामुळे टाकीचा बॉडीशी विजेचा संपर्क, म्हणजे अर्थिंग, होईना, म्हणून मीटरचे मंडल पुरे होईना. फ्लोट पुढे फुटला असावा. वडिलांनी काटा खराब मानला, आम्हीही मानला, आणि टाकीखालच्या पट्ट्यांवरचा रंग कोणी खरवडून पाहिला नाही.

पत्रा उघडा करून सेंडरपासून चासीपर्यंत स्वतंत्र अर्थिंगची वायर ओढली. सेंडरचा रोध मोजला, तो फ्लोट तळाशी असताना 71 ओहम आणि वर उचलल्यावर 11 ओहम भरला. टाकी बसवली.

संध्याकाळी पाच-पाच लिटर पेट्रोल मापून ओतले. दर वेळी मीटर स्थिर होईपर्यंत थांबलो आणि बांबूची पट्टीही बुडवून पाहिली. 10 लिटरला पहिली खाच ओली झाली, 20 लिटरला दुसरी. काटा निम्म्याच्या किंचित खाली राहिला, म्हणून सेंडर काढून फ्लोटची दांडी केसभर वाकवली. मग काटा मधल्या रेघेवर आला. वडिलांची खाच आणि काट्याची रेघ या दोघांत आता फरक नाही.

पट्टी पुसून सीटच्या मागे, तिच्या जागी ठेवली आहे.