आर ४९४९ची पांढरी डेमो: 'मॅक-आर्टनी' प्रतीची तपासणी कुठवर आली

पार्लोफोन या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने काढलेली बीटल्सची पहिली सिंगल (दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी), 'लव्ह मी डू' आणि मागे 'पी.एस. आय लव्ह यू'. क्रमांक ४५-आर ४९४९, बाजारात आली ५ ऑक्टोबर १९६२ला. रेडिओवाल्यांना आणि वृत्तपत्रांना वाटायला सुमारे २५० डेमो प्रती काढल्या होत्या. त्यांच्या लेबलवर पॉलच्या आडनावातला एक 'सी' गळला आणि मॅकार्टनीचा 'मॅक-आर्टनी' झाला. विक्रीच्या लाल लेबलवर आडनाव बरोबर आहे. तीच ही तबकडी. तिची अस्सल प्रत कशी ओळखायची, भाव काय आणि प्रती किती उरल्या, याच्या तपासणीतला कोणता भाग पूर्ण आणि कोणता चालू, त्याचा हा आढावा.

छपाईची चूक आणि किंमत: हा मुद्दा निकाली

चूक आहे म्हणून तबकडी महाग, हे गणित सोडून द्यावं. 'विथ द बीटल्स'च्या काही लेबलांवर 'गॉट अ होल्ड'च्या जागी 'गॉटा होल्ड' छापलंय, पण त्या प्रती भरपूर आहेत, त्यामुळे भाव फारसा हलत नाही. अमेरिकेत व्ही-जे कंपनीने १९६३मध्ये ४९८ क्रमांकाच्या सिंगलवर बँडच्या नावात एक 'टी' जास्त छापला. तिथे भाव येतो तो पहिल्या छपाईच्या प्रती कमी खपल्या म्हणून. आपल्या डेमोचंही तसंच. भाव २५० या आकड्याचा आहे आणि बीटल्सच्या पहिल्या पार्लोफोन सिंगलचा आहे. गळालेला 'सी' ही ओळखीची खूण.

लेबलवरची चूक आणि आवाजातली चूक यांचीही गल्लत होते. 'रिव्हॉल्व्हर' अल्बमच्या मोनो प्रतीत एक्सईएक्स ६०६-१ मॅट्रिक्स (तबकडीत उमटवलेला ओळख-क्रमांक) असेल तर 'टुमॉरो नेव्हर नोज'चं वेगळंच मिक्स ऐकू येतं. ती चूक कानाने पकडायची, ही डोळ्याने. पण आपल्या तबकडीतही कानाचं काम आहे, ते पुढे येईल.

लेबल: पूर्ण

पांढरा कागद, मोठा लाल 'ए', विक्रीसाठी नसल्याची सूचना. १०x भिंग आधी त्या लाल 'ए'वर धरायचं. अस्सल छपाईत लाल रंग सलग दिसतो आणि अक्षराची कड नीट उमटलेली असते. स्कॅन करून छापलेल्या नकलेत तोच लाल रंग गुलाबी-पिवळ्या बारीक ठिपक्यांत फुटतो. ३०x भिंग असेल तर शंकाच उरत नाही.

मग लेबलची कड. कारखान्यात लेबल तबकडीबरोबरच दाबलं जातं, कागद प्लास्टिकमध्ये रुतलेला असतो. नखाला कड लागली किंवा कागदाखाली गोंदाचा फुगवटा दिसला, तर लेबल नंतर चिकटवलंय. विक्रीची साधी प्रत घासून तिच्यावर पांढरं लेबल लावायचं ही जुनी युक्ती आहे, आणि डेड वॅक्स (शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधला, क्रमांक उमटवलेला गुळगुळीत पट्टा) तपासूनही ती पकडता येत नाही, कारण खालची तबकडी अस्सलच असते. म्हणून लेबलची कड आधी, नंबर नंतर.

अतिनील टॉर्चवर फार विसंबू नये. कागद निळा चमकला तर नवा, असं सरसकट सांगतात. पण कागद उजळ करणारी रसायनं १९५०च्या दशकापासूनच वापरात आहेत. टॉर्चने पुसलेली शाई आणि काढलेले स्टिकर मात्र छान दिसतात, तेवढ्यासाठी ती ठेवावी.

डेड वॅक्स: पूर्ण

पहिल्या बाजूला ७एक्ससीई १७१४४-१एन, दुसऱ्या बाजूला ७एक्ससीई १७१४५-१एन. अक्षरं यंत्राने ठोकलेली, सरळ आणि एकसारखी. हाताने कोरलेला मॅट्रिक्स दिसला तर तिथेच थांबावं.

मॅट्रिक्स घड्याळातल्या सहाच्या जागी धरला की नऊच्या जागी मदरचा आकडा आणि तीनच्या जागी स्टॅम्परची अक्षरं येतात. स्टॅम्पर म्हणजे तबकडी दाबायचा धातूचा साचा, आणि मदर म्हणजे ज्यावरून स्टॅम्पर बनतात ती धातूची प्रत. या तबकड्या जिथे निघाल्या त्या इंग्लंडमधल्या हेझच्या कारखान्याची सांकेतिक लिपी 'ग्रामोफ-एलटीडी' या शब्दावर बेतलेली आहे: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. म्हणजे 'आरओ' दिसलं तर पंचविसावा स्टॅम्पर, 'जीडी' म्हणजे दहावा. अडीचशे प्रतींना एकच स्टॅम्पर पुरतो आणि डेमो विक्रीच्या आधी निघतात. तेव्हा डेमोवर मोठ्या आकड्याचा स्टॅम्पर असेल तर मालकाला खुलासा विचारावा.

टॉर्च समोरून मारली तर चकाकीत अक्षरं बुडतात. लेबलच्या पातळीत, जवळजवळ आडवी धरली की सावली पडते आणि फोटोतही वाचता येतात.

मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात बीटल्सच्या ज्या तबकड्या दिसतात त्या बहुतेक कोलकात्याच्या डमडम कारखान्यातल्या. त्यांना हेझचे हे निकष लावू नयेत.

आवाज: पूर्ण

या सिंगलवरच्या 'लव्ह मी डू'चं ध्वनिमुद्रण ४ सप्टेंबर १९६२चं आहे, ड्रम्स रिंगोचे. ११ सप्टेंबरला बाहेरून बोलावलेला ड्रमर अँडी व्हाइट ड्रम्सवर बसला आणि रिंगोने डफलीसारखं टॅम्बरीन वाजवलं. तेच रूप पुढे 'प्लीज प्लीज मी' अल्बमवर गेलं. त्यामुळे कसोटी सोपी: टॅम्बरीन ऐकू आलं की ही प्रत १९६२ची नाही. २०१२च्या पन्नासाव्या वर्षाच्या पुनर्मुद्रणातही चुकून टॅम्बरीनवालं रूप गेलं आणि तो माल परत मागवावा लागला. मूळ टेप शिल्लक नसल्याने रिंगोच्या रूपाच्या नंतरच्या आवृत्त्या तबकडीवरूनच उतरवल्या आहेत. ऐकताना मोनो कार्ट्रिज (रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचा भाग) वापरावं, आणि त्याआधी तबकडी धुवावी, लेबल कोरडं ठेवून.

किंमत: चालू

एक आकडा पक्का आहे. २०१७मध्ये डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एक प्रत १४,७५७ डॉलरला गेली. तो बाजारभाव धरू नये, तो वरचा खुंटा आहे.

किमतींचा जो तक्ता बनतोय त्यात फक्त झालेल्या विक्रीचे आकडे येतात, मागितलेले नाहीत. प्रत्येक आकडा त्या दिवसाच्या दराने पौंडात बदलायचा. लिलावगृहाचा असेल तर ग्राहकाने भरलेलं कमिशन त्यात धरलंय का ते वेगळ्या रकान्यात. दर्जा लिहिताना ब्रिटिश की अमेरिकन पद्धत ते नोंदवायचं, कारण ब्रिटिश 'एक्सलंट' साधारण अमेरिकन 'व्हीजी प्लस'च्या बरोबरीने येतो. हे मिसळलं की सगळा तक्ता वाकडा होतो. लेबलवर पेनाने लिहिलेलं असलं तर साध्या सिंगलला मार बसतो. डेमोला तेवढा बसत नाही, कारण त्या प्रती वापरायलाच दिल्या होत्या.

आता हाती घेतलेलं काम: एकच प्रत दोनदा मोजली जाऊ नये

दुर्मीळपणाचा खरा घोळ इथे आहे. दहा विक्रींच्या नोंदी म्हणजे दहा प्रती नव्हेत. तीच तबकडी पाच वर्षांनी पुन्हा लिलावात येते आणि यादीत नवी म्हणून चढते. पेनाची खूण, डाग, फाटका कोपरा यांवरून ओळख पटते, पण स्वच्छ प्रतीवर यातलं काहीच नसतं.

तिथे कोन कामाला येतो. लेबल ठेवताना ते डेड वॅक्सच्या अक्षरांच्या संदर्भात कसंही फिरलेलं असू शकतं, त्यामुळे तो कोन प्रतीप्रतीला बदलतो. फोटोत लेबलवरचा मजकूर सरळ करून लेबलचा माथा बाराच्या जागी आणायचा आणि मॅट्रिक्सचा पहिला आकडा कुठे येतो ते अंशांत मोजायचं. दोन्ही बाजूंचे दोन कोन आणि लेबलचं भोकाभोवतीचं सरकणं मिलिमीटरमध्ये, एवढ्या तीन मापांवर दोन वेगळ्या प्रती सहसा जुळत नाहीत. फोटो तिरका काढलेला असेल तर आधी तबकडीचं वर्तुळ गोल करून घ्यावं, नाहीतर पाच-सात अंशांची चूक सहज होते.

ज्यांच्याकडे जुन्या लिलावांचे मोठे फोटो आहेत त्यांनी दोन्ही बाजू पाठवाव्यात, डेड वॅक्स दिसेल अशा. लेबलपुरते कापलेले फोटो या कामाला चालत नाहीत.