माळावरचे चंडोल दरवर्षी ३ टक्क्यांनी कमी झाले तर कळेल का?

एखाद्या माळावर यंदा विणीच्या दिवसांत ४० चंडोल मोजले आणि पुढच्या वर्षी ३९ भरले, तर कुणी काळजी करणार नाही. एवढा फरक तर नुसत्या वाऱ्यानेही पडतो. वारा जोराचा असला की नर गायला वर उठत नाहीत, आणि गवतात बसलेला चंडोल दहा पावलांवरही ढेकळासारखा दिसतो. पण दरवर्षी ३ टक्क्यांची ही गळती चालूच राहिली, तर २३ वर्षांत चंडोल निम्मे होतात. विणीच्या पक्ष्यांचे कल, म्हणजे वर्षानुवर्षे ते वाढताहेत की घटताहेत, समजून घ्यायचे तर हे गणित आधी पक्के हवे. एका वर्षाच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. दुष्काळी वर्षात वीण कमी होते, चांगल्या पावसानंतर ती वाढते. म्हणून तीन-तीन वर्षांच्या सरासऱ्या शेजारी ठेवाव्यात आणि किमान दहा वर्षे हाती आल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

देशपातळीवर हे काम २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात झाले आहे. ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. त्यांपैकी ३३८ जातींचाच दीर्घकालीन कल काढता आला आणि त्यातल्या ६० टक्के जाती घटलेल्या निघाल्या. मोर आणि कोकीळ वाढले. नीलपंख, ज्याला गावाकडे चास किंवा तास म्हणतात, झपाट्याने घटला. कुठेही जमवून घेणारे पक्षी तगले आणि मोकळ्या गवताळ माळाशिवाय ज्यांचे भागत नाही ते मागे पडले. महाराष्ट्रात हे समजायला फार लांब जावे लागत नाही. कागदावर ‘पडीक’ म्हणून लागलेला माळ नांगरला जातो, नाहीतर त्यावर गिरीपुष्पाची रोपे लावली जातात. झाडे वाढली की बुलबुल येतात, पक्ष्यांची एकूण संख्या कदाचित वाढतेसुद्धा, पण धाविक आणि माळटिटवीला अंडी घालायला उघडी जमीन उरत नाही. एकूण संख्येवर समाधान मानू नये, ते यासाठी.

त्या अहवालातला मूळ आकडा पक्ष्यांच्या संख्येचा नाही, आढळण्याच्या प्रमाणाचा आहे: निरीक्षकांनी आपापल्या फेरीत दिसलेल्या पक्ष्यांच्या केलेल्या शंभर याद्यांपैकी किती याद्यांत ती जात आली. म्हणून यादी पूर्ण हवी. फक्त ‘विशेष’ पक्षी लिहिले आणि कावळा, साळुंकी, होला सोडून दिले, तर ती यादी कलासाठी निरुपयोगी ठरते. पंधरा मिनिटांची का असेना, ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहा.

गावात मोजायला सगळ्यात सोपी वाटते ती सुगरण, आणि चुकाही तिथेच सगळ्यात जास्त होतात. बाभळीवर किंवा विहिरीवर झुकलेल्या शिंदीवर ३० खोपे लोंबताना दिसले म्हणजे ३० जोड्या झाल्या असे नाही. नर गवताच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडून लांब धागा सोलतो आणि अर्धा खोपा विणतो. तो खालून उघडा, टोपीसारखा असतो आणि मध्ये आडवी पट्टी असते. मादी येऊन तो पाहते. पसंत पडला तरच पुढे अंड्यांची खोली पुरी होते आणि खाली नळी उतरते. नापसंत झालेली टोपी तशीच लोंबत राहते. खोपा पसंत पडल्यावर तोच नर दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. त्यामुळे नळीवाले खोपे मोजले तर वीण करणाऱ्या माद्यांचा अंदाज येतो, नरांचा नाही.

वहीत तीन रकाने करा: टोप्या, नळीवाले ताजे खोपे, गेल्या वर्षीचे जुने. ताज्या विणीत हिरवट झाक असते, जुना खोपा करडा आणि विस्कटलेला असतो. हिरवा रंग लवकर उडतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी एक फेरी मारा. झाड तोडले गेले तर तिथे शून्य लिहा आणि त्याच दिवशी आसपास अर्धा किलोमीटर शोधा. वसाहत पुष्कळदा शेजारच्या बांधावर गेलेली असते.

यात एक फसवी गोष्ट आहे. मोजणी सुरू करताना आपण भरलेले झाडच निवडतो. भरलेले झाड पुढे कधीतरी रिकामे होणारच, आणि कागदावर घट दिसते. उलट, रिकाम्या जागी जाणे सोडून दिले की खरी घट लपते. दोन्हींवर उपाय एकच: पहिल्या वर्षीच भरलेली आणि रिकामी झाडे मिळून जागा ठरवायच्या आणि शेवटपर्यंत त्या बदलायच्या नाहीत.

माळासाठी एक किलोमीटरची सरळ वाट आखून तिचे २०० मीटरचे पाच तुकडे करा. सूर्योदयानंतरच्या तासाभरात, वारा नसताना, एकदा मार्च-एप्रिलमध्ये आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये चाला. पक्षी वाटेपासून २५ मीटरच्या आत होता, १०० च्या आत की पलीकडे, एवढे प्रत्येकापुढे लिहा. गवत उंच झाले की लांबचे पक्षी आधी दिसेनासे होतात. जवळची संख्या तेवढीच राहून लांबची घसरली, तर पक्षी नव्हे, दृष्टी कमी पडली असे समजा. मोजणारा माणूस बदलणार असेल तर दोन हंगाम दोघांनी एकाच वेळी चालून आपापली वेगळी नोंद ठेवावी. वय वाढले की बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकू येईनासे होतात आणि त्या माणसाच्या वहीत ते पक्षी ‘घटतात’.

दीर्घायुषी पक्ष्यांच्या बाबतीत नुसती मोजणी पुरत नाही. माळढोकाची मादी साधारणपणे एका वेळी एकच अंडे घालते, गिधाडाचेही तसेच. पिल्ले जगणे थांबले तरी मोठे पक्षी कित्येक वर्षे दिसत राहतात आणि आकडा स्थिर वाटतो. तिथे पिल्ले किती उडाली याची वेगळी नोंद हवी. लहान पक्ष्यांच्या बाबतीत चोचीत काडी किंवा किडा, पिल्लाची विष्ठा घरट्याबाहेर नेणारी जोडी, या विणीच्या खुणा लांबूनच दुर्बिणीने टिपता येतात.

टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, तर अंडी किंवा पिल्ले जवळ आहेत. आल्या पावली मागे फिरा. उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळातच तापतात, आणि कावळे हा गोंधळ लांबून पाहत असतात. वहीत ‘विणीची खूण: हो’ एवढे पुरे. अंडी किती होती हा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.