तुम्ही विचारलंत म्हणून: आतड्याचा रक्तपुरवठा परत सुरू झाला, मग आयसीयू कशाला?

मी भूलतज्ज्ञ आहे. हर्निया अडकून आतड्याला फास बसलेला, आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेला पेशंट बहुतेक रात्रीच येतो, ऑपरेशन होतं, सर्जन बाहेर जाऊन सांगतात आतडं वाचलं, कापावं लागलं नाही, आणि मग नातेवाईक मला गाठतात, "मॅडम, रक्त परत सुरू झालं ना, मग आता आयसीयू कशाला?"

तर ऐका, आम्हाला खरी भीती त्या रक्त सुरू होण्याचीच असते. उपाशी पेशींमधे एटीपी (पेशींचं इंधन) मोडून मोडून त्याचा उरलेला गाळ, हायपोझँथिन, साचलेलं असतं, तोवर ते गप्प बसतं, पण ऑक्सिजन आला रे आला की झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम कामाला लागतं आणि त्यातून सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं जहाल रूप, तयार होऊन आतड्याचं अस्तर पोळायला लागतं. १९८६ साली पार्क्स आणि ग्रेंजर या संशोधकांनी मांजरांच्या आतड्यावर बघितलं, ४ तास रक्त तोडलं त्यापेक्षा ३ तास तोडून १ तास परत सुरू केलं तेव्हा अस्तराचं नुकसान जास्त! त्या एन्झाइमला अडवणारी गोळी आहे, ॲलोप्युरिनॉल, तीच गाउटवाली (युरिक ॲसिडच्या सांधेदुखीची). प्राण्यांमधे फायदा दिसला, पण आमच्या ओटीत तिच्या भरवशावर कोणी बसत नाही.

आम्ही काय करतो? मी सर्जनना आधीच बजावून ठेवते, "सर, फास सोडायच्या आधी सांगा हं." कारण फास सुटला की तिथे तुंबलेलं पोटॅशियम, ॲसिड सगळं एकदम हृदयाकडे येतं आणि बीपी धपकन खाली. म्हणून सलाईन आधीच भरून घ्यायचं, बीपी वर आणणारं नॉरॲड्रिनलिन हाताशी. मग जांभळंकाळं आतडं गरम सलाईनच्या मॉपमधे गुंडाळून ठेवायचं, १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा (हो, तोच ऑक्सिजन, त्याच्याशिवाय चालतही नाही) आणि दहा मिनिटं घड्याळाकडे बघत गप्प उभं राहायचं. मॉप उघडला की रंग गुलाबी होतोय का, बोटाने टिचकी मारली की आतडं वळवळतं का, हे बघायचं.

पण वरून गुलाबी म्हणजे आतून ठीक असं नाही, अस्तर नवं यायला तीन ते पाच दिवस जातात. तोवर लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते), लघवी, पोटाचा फुगारा यावर नजर, शंका आली तर २४ ते ४८ तासांत परत पोट उघडून बघायचं. त्यासाठी आयसीयू.

आणि आतडं चालू लागलं का ते कळायला रोज राउंडला "वारा सरला का?" विचारतो तेव्हा हसू नका हो. मागे एका आजोबांना विचारलं तर ते लाजून गप्पच, आजीच दारातून ओरडल्या, "सरला, पहाटेच सरला! आता चहा देऊ का?"