काट्याचं वजन फाईलमधून वाचताना: माझा अनुभव

घाटंजीकडच्या एका कापूस खरेदी केंद्रावर काट्यावरचा आकडा बघून हातानं टाईप करायचे. गाड्यांची रांग लागली की ४२.३५ क्विंटलचे ४३.२५ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून काट्याचं नऊ पिनांचं पोर्ट उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) असलेल्या कॉम्प्युटरला जोडलं. मधे सीएच३४० चिपचा यूएसबी कन्व्हर्टर होता.

लिनक्समध्ये असं उपकरण /डेव्ह फोल्डरमध्ये फाईल म्हणून उभं राहतं, इथं टीटीवाययूएसबी०. आमच्याकडे मात्र ती फाईल दिसायची आणि लगेच गायब व्हायची. डीमेसेजमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या संदेशांच्या नोंदीत, कारण होतं: बीआरएलटीटीवाय. अंधांच्या ब्रेल यंत्रासाठीचा हा प्रोग्राम कन्व्हर्टरचा नंबर (१ए८६:७५२३) बघून त्यालाच ब्रेल यंत्र समजतो. केंद्रावर ब्रेल यंत्र नव्हतं, म्हणून तो प्रोग्राम काढून टाकला. कोणी वापरत असेल तर काढू नका.

फाईलींची यादी दाखवणारी एलएस -एल ही आज्ञा दिली की ओळीच्या सुरुवातीला 'सी' येतो, म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस, अक्षरं एकामागून एक देणारं-घेणारं उपकरण. साध्या फाईलचा आकार दिसतो त्या जागी इथं १८८, ० असे दोन आकडे असतात. पहिल्यावरून कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ड्रायव्हर कळतो, दुसऱ्यावरून त्या ड्रायव्हरचं कितवं उपकरण ते. फाईलमध्ये साठवलेलं काहीच नसतं. मालकी रूटची (मुख्य युजरची), गट डायलआउट. म्हणून 'परमिशन डिनाइड' आलं. युजरला त्या गटात घातलं, पण लॉगआउट करून परत लॉगिन केल्याशिवाय फरक पडत नाही. इथं बरेच जण ७७७ मारून, म्हणजे फाईल सगळ्यांना खुली करून, मोकळे होतात. पिन काढून परत लावली की ते उडतं.

कॅट या आज्ञेनं फाईल वाचली तर नुसता कचरा. काटा सेकंदाला २४०० बिटच्या वेगावर, पोर्ट ९६०० वर. पोर्टची सेटिंग बदलणाऱ्या एसटीटीवाय आज्ञेनं वेग २४००, आठ बिट आणि रॉ (अक्षरं जशीच्या तशी) लावलं आणि इको बंद केला. इको चालू राहिला तर आलेली अक्षरं काट्याकडेच परत जातात आणि काही काटे त्यांना आज्ञा समजून अडकतात. मग सरळ ओळी यायला लागल्या.

खरा त्रास पुढं. कन्व्हर्टरची पिन सैल झाली, किंवा लाईन जाऊन आली, की नाव टीटीवाययूएसबी१. जुनी फाईल प्रोग्रामनं उघडीच धरलेली असते, त्यामुळे ० नंबर मोकळा होत नाही. वेगही परत ९६०० वर जातो. म्हणून /डेव्हमधल्या फाईली तयार करणाऱ्या यूडेव्हचा नियम लिहिला: हा व्हेंडर (१ए८६), हा प्रॉडक्ट (७५२३) दिसला की /डेव्ह/काटा नावाची लिंक कर. प्रोग्राम तीच लिंक उघडतो, वाचन तुटलं तर फाईल बंद करून परत उघडतो आणि दरवेळी वेग स्वतः लावतो.

दुसरा काटा आला तेव्हा तसाच कन्व्हर्टर होता, आणि या स्वस्त चिपला बहुधा वेगळा सिरियल नंबर नसतो. शेवटी यूएसबीच्या भोकावरून ओळख ठेवली. आता भोकावर रंगीत टेप आहे: लाल छोटा काटा, निळा गाडीचा.